जळजळीची वही : कोल्हापूरच्या ताटासाठी पित्ताचं माहितीपत्रक (प्रकल्प नोंदी)

२८ ऑगस्ट २०२४

दवाखान्यात पित्ताच्या पेशंटच्या हातात आपण जो कागद देतो तो बदलायचा, हे आज डॉक्टरांशी बोलून पक्कं झालं. सध्याच्या कागदावर टाळायचं म्हणून पिझ्झा, चॉकलेट, पेपरमिंट, वाइन आणि संत्र्याचा रस आहे. माहिती खोटी नाही, पण गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या एका मावशींनी तो नीट वाचला आणि टेबलावर परत ठेवला. "ह्यातलं एक बी मी खात न्हाई ओ ताई. मग मला का जळतंय?"

या प्रश्नाचं उत्तर देईल असं पत्रक करायचं आहे. त्यात आपल्या ताटातले पदार्थ हवेत: तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ, कांदा-लसूण चटणी, भडंग, चहा, उपवासाची खिचडी, म्हशीचं दूध, जेवणानंतरचं पान. पत्रकासोबत एक छोटी वही द्यायची. रकाने साधे: किती वाजता, काय, किती, नंतर काय केलं (बसलो, झोपलो, वाकून काम केलं), त्रास कधी झाला.

डॉक्टरांची एकच अट आहे. 'हे बंद, ते बंद' अशी यादी त्यांना नको. यादी दिली की पेशंट आठ दिवस वरणभातावर राहतो आणि नवव्या दिवशी सगळं एकदम खातो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. मलाही ते पटतं. एकाला ज्याने जळतं ते दुसऱ्याला खुशाल पचतं, म्हणून ज्याची यादी त्यानेच शोधायची. आपण फक्त कुठे शोधायचं ते सांगायचं.

३० ऑगस्ट

आधी आत काय होतं ते चार ओळींत मांडायचा प्रयत्न. घरात वाचून दाखवलं, दोनदा बदललं. आता असं आहे:

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक गोल कडी असते. नाडी ओढलेल्या बटव्याच्या तोंडासारखी ती एरवी आवळलेली असते, घास आला की सैल होते आणि पुन्हा आवळते. जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, रिकाम्या पोटी त्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड ते साडेतीनच्या आसपास. जठराला आतून चिकट अस्तर असल्याने त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. कडी नको तेव्हा सैल पडली की आम्ल वर येतं आणि छातीच्या हाडामागे जळतं, कधी घशाशी आंबट पाणी येतं.

पत्रकात यापेक्षा जास्त शरीरशास्त्र नको. पण या चार ओळींवर पुढचं सगळं उभं आहे. खाण्यापिण्याच्या कुठल्याही वस्तूबद्दल चार प्रश्न विचारायचे. ती कडी सैल करते का? जठर जास्त वेळ भरलेलं ठेवते का? पोट फुगवून कडीवर दाब आणते का? की आधीच सोललेल्या जागी जाऊन थेट झोंबते? काही पदार्थ यातलं एकच करतात, काही चारही.

४ सप्टेंबर

श्रावण संपला. काल सकाळपासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा होत्या, त्यामुळे आज दवाखान्यात काय येणार ते ठाऊक होतं आणि तसंच झालं. येणारा प्रत्येक जण दोष देतो तो तिखटाला. "चटणी जरा जास्त झाली."

दुपारी ओळखीच्या एका खानावळीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथल्या आचारी मावशींनी काहीही न लपवता सगळं दाखवलं. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. त्याचं पाणी म्हणजे आळणी. पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा दोन्ही त्याच आळणीतून निघतात. पांढऱ्यात खसखस, तीळ, काजूची पेस्ट आणि नारळाचं दूध जातं. तांबड्याला फोडणी चटणीची, त्यात भाजलेलं खोबरं आणि तीळ. तांबडा उकळला की वर बोटभर लाल तवंग येतो आणि गिऱ्हाईक तोच मागतं. मावशी पळी पातेल्यात खोल घालत नव्हत्या. नुसती वरून तिरपी फिरवून तवंगासकट वाटी भरत होत्या. त्या हाताला तीस वर्षांची सवय आहे.

मला लिहायचं आहे ते इथेच आहे. लोकांना तांबड्याची धास्ती, आणि पांढरा म्हणजे सौम्य, पोटाला हलका अशी समजूत. तिखटाच्या बाबतीत ते खरं आहे. पण जठराला रंग कळत नाही. पांढऱ्या रश्श्यातही मटणाची चरबी, नारळाच्या दुधाची चरबी आणि काजू-तिळाचं तेल एकत्र असतं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते जठराला सांगतं, सावकाश रिकामं हो. त्याच संप्रेरकाने वरची कडीही सैलावते. म्हणजे पोट तासन् तास भरलेलं राहतं आणि दारही धड लागत नाही. शिवाय रस्सा वाटीवर वाटी मिळतो. सुकं, दोन रस्से, भाकरी, वर भात, एवढं पोटात गेल्यावर जठर ताणतं, आणि ताणलेल्या जठराची कडी पुन्हा पुन्हा आपोआप उघडते.

पत्रकात म्हणून मटणाच्या पानावर पहिलं नाव तवंगाचं, दुसरं वाट्यांच्या संख्येचं, आणि तिखट तिसरं.

६ सप्टेंबर

घरी करून पाहिलं. आळणी आदल्या रात्री काढली, गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी झाकण काढलं तर वर पांढरी, मेणासारखी घट्ट साय बसलेली. चमच्याने कडा सोडवल्यावर ती ताटलीएवढ्या एका तुकड्यात उचलली गेली. खालची आळणी थरथरीत, स्वच्छ. त्याचाच पांढरा केला, नारळाचं पातळ दूध घातलं, काजू निम्मे केले. चवीत फरक पडला का? जिभेवरचा गुळगुळीतपणा थोडा कमी झाला, वास आणि रुची तीच. सासऱ्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. त्यांना चरबी काढल्याचं सांगितलेलं नव्हतं.

ही कृती पत्रकात घालायचीच. 'मटण बंद' म्हणण्यापेक्षा ही एक ताटली चरबी बाहेर काढणं कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात होऊ शकतं.

१२ सप्टेंबर

घरात गणपती असल्याने काम थोडंच झालं. मिसळीचं पान लिहिलं.

आपल्या मिसळीत त्रास देऊ शकणाऱ्या गोष्टी एकावर एक रचलेल्या असतात. मटकीची उसळ (मोड आल्याने वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात, संपत नाहीत), तेलाचा कट, तळलेला फरसाण किंवा चिवडा, वर कच्चा कांदा, लिंबू, आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस. वेळ सकाळची, बहुतेकांच्या पोटात त्याआधी फक्त चहा.

कच्च्या कांद्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्यातल्या फ्रुक्टॅन नावाच्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात त्यांचा वायू होतो. ज्यांना आधीच जळजळीचा त्रास आहे त्यांच्यात कच्च्या कांद्याने आम्ल वर येण्याचं प्रमाण वाढतं, हे मोजून पाहिलं गेलंय. शिजलेला कांदा अनेकांना सोसतो. म्हणून वहीत 'कांदा' एवढंच लिहून चालणार नाही, 'कच्चा' की 'शिजलेला' ते लिहायला सांगायचं.

मिसळ खाणाऱ्याला सुचवायच्या गोष्टी: कट वेगळ्या वाटीत मागा आणि लागेल तेवढाच घ्या, आठवडाभर कांदा टाळून पाहा, पुढच्या आठवड्यात कांदा घ्या पण कट कमी करा. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम सोडले तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळायचं नाही.

२० सप्टेंबर

काही वह्या भरून परत आल्या. सगळ्यात काळजीपूर्वक भरलेली वही एका रिक्षावाले काकांची आहे. त्यांच्या परवानगीने एक दिवस इथे उतरवते, त्यांच्याच शब्दांत:

"सकाळी ६ चहा. ८ चहा-खारी. ११ चहा. दीड वाजता डबा, चपाती, वांगं, ठेचा. ४ चहा. ७ चहा आणि वडा एक. रात्री साडेदहा जेवण, आमटी-भात, भाकरी, अंड्याची पोळी. ११ ला आडवा. १ वाजता घशात आंबट आलं, उठून बसलो. गोळी घेतली."

काकांना खात्री होती की दोष ठेच्याचा. पण ठेचा दुपारी दीडला खाल्लाय आणि संध्याकाळी सातपर्यंत 'त्रास' हा रकाना कोरा आहे. घोळ रात्रीचा आहे. भरपेट जेवण आणि आडवं होणं यात अर्धा तास. आडवं झाल्यावर आम्लाला खाली ठेवणारं गुरुत्वाकर्षणही मदतीला राहत नाही. जेवण आणि झोप यांत निदान दोन-तीन तास हवेत.

पण 'रात्री आठला जेवा' हे रिक्षा चालवणाऱ्याला सांगून काय उपयोग? रात्रीच्या गाड्यांचं भाडं त्याच वेळी असतं. मग असं ठरवलं: संध्याकाळी सातच्या वड्याऐवजी घरून आणलेली भाकरी-भाजी स्टँडवरच खायची आणि रात्री घरी गेल्यावर वाटीभर मऊ भात-ताक किंवा नुसतं वरण. ठेचा दुपारी चालू ठेवायचा. काका म्हणाले, "ठेचा ठेवला न्हवं, मग बाकीचं काय बी करतो."

चहाबद्दल. कॅफिन आणि चहा-कॉफीतले इतर घटक जठरात आम्ल वाढवतात, कडीवरही काही जणांत परिणाम करतात. कॉफीचा जोर जास्त. पण कटिंगचा हिशेब लोक ठेवत नाहीत, कारण प्रत्येक कप छोटा असतो. वहीत प्रत्येक चहाला एक उभी रेघ मारायला सांगितलं आहे. पहिला चहा रिकाम्या पोटी न घेता आधी दोन घास काहीतरी खायचं. खारी मात्र त्यासाठी चांगली नाही, ती पदर सुटायला तूप-वनस्पती तुपावरच केलेली असते. शिळी भाकरी, पोळीचा तुकडा, केळं, काहीही चालेल.

२५ सप्टेंबर

आता मिरची. हे पान सगळ्यात जास्त वाचलं जाणार, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ दिला.

मिरचीतल्या तिखटपणाला कारण कॅप्सायसिन. आपल्या तोंडात, अन्ननलिकेत, जठरात वेदना आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन) असतो, त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये शोधून काढला आणि त्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. हाच ग्राहक साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने जागा होतो, कॅप्सायसिननेही होतो, आणि आम्ल त्याची संवेदना आणखी वाढवतं. म्हणून गरमागरम, तिखट रस्सा आणि वर आलेलं आम्ल हे तिघं एकाच घंटेवर टोला मारतात. ज्याची अन्ननलिका आधीच दाहलेली आहे त्याला तिखट झोंबतं ते यामुळे. पेशंट खोटं बोलत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. रोज तिखट खाणाऱ्याचे ते मज्जातंतू सरावतात. लहानपणापासून चटणी-भाकरी खाल्लेल्या माणसाला आणि नुकत्याच बाहेरून आलेल्या पाहुण्याला एकच वाटी सारखी लागत नाही. आणि मिरची खाल्ल्याने धडधाकट पोटात व्रण (अल्सर) होतो हे खरं नाही. जठराच्या व्रणांमागे मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि दुखण्यावरच्या गोळ्या असतात. तो जिवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला शोधला, त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. वर्षानुवर्षं चटणीला शिव्या देत बसलेल्या कित्येकांना खरी गरज त्या जिवाणूच्या तपासणीची असते.

बाजारातही जाऊन आले. मिरची एकच नाही हे पत्रकात यायला हवं. ब्याडगी रंगाला, तिखट कमी. संकेश्वरी चवीला आणि तिखटालाही. लवंगी म्हणजे नुसती आग. घरची चटणी करताना ब्याडगीचा वाटा वाढवला तर लाली तशीच राहते आणि जाळ उतरतो. चटणीतला कांदा आणि खोबरं तेलात तळून घेतात, ते तेलही हिशेबात धरायचं.

१ ऑक्टोबर

घरगुती उपायांचं पान. हे उपाय आजीकडून आलेले असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी आदराने आणि स्पष्ट लिहायचं ठरवलं.

थंड दूध: घोटभर घेतलं की लगेच बरं वाटतं, कारण दूध थोडं आम्ल शोषून घेतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, तोही आहेच. गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दुधाचा पेला पिणं हे पैलवानाच्या कसलेल्या शरीराला मानवतं. छातीत जळतंय म्हणून तो उपाय करू नये. (ते दूध उकळलेलं नसतं, तो धोका निराळा.) घ्यायचंच तर साय काढलेलं, अर्धा कप, आणि झोपायच्या तोंडावर नाही.

सोडा-लिंबू: मटणावर हा हमखास घेतला जातो. फसफसतं, मोठा ढेकर येतो, 'पचलं' असं वाटतं. तो ढेकर बाटलीतल्या वायूचा असतो, त्याने अन्न पचत नाही. वायूने जठर फुगतं, कडी उघडते, ढेकराबरोबर आम्लही वर येऊ शकतं. लिंबाची आंबट भर वेगळी.

खाण्याचा सोडा किंवा त्याची फसफसणारी पावडर: आम्ल खरोखर मारते, त्यातूनच वायू तयार होतो. कधीतरी ठीक. पण त्यात सोडियम भरपूर. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बडीशेप: चावल्याने लाळ सुटते, आणि लाळेत आम्ल निवळवणारे क्षार असतात. हा उपाय मला मनापासून आवडतो. पान मात्र सावध. थंडक लागणाऱ्या पानात पिपरमिंट असतं, आणि पिपरमिंटने कडी सैल होते. म्हणजे जुन्या कागदावरचं पेपरमिंट आपल्याकडे विड्यातून पोटात जातं. तंबाखूचं पान असेल तर निकोटीनही तेच काम करतं.

मिश्रीबद्दल लिहायचं की नाही यावर डॉक्टरांशी बोलले. लिहायचंच. बायका 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. म्हणून वहीत मिश्रीचा रकाना स्वतंत्र केला.

५ ऑक्टोबर

नवरात्र. अंबाबाईला पहाटेपासून रांग, आणि दवाखान्यात उपवासाचं पित्त.

नऊ दिवस उपवास करणाऱ्या एका वहिनींची वही पाहिली: पहाटे चहा, नऊला चहा, दुपारी दोनला साबुदाण्याची खिचडी मोठी ताटली, संध्याकाळी चहा, रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, मधे वेफर्स. दिवसभर पोटात आम्ल आणि चहा, मग एकदम जड खाणं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तो बिचारा गरीब. जड असतो तो दाण्याचा कूट आणि तूप. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि इथे खिचडीत तो, आमटीतही तो.

उपवास सोडा असं पत्रकात एका शब्दानेही येणार नाही. उपवासाचंच दुसरं पान: उकडलेलं रताळं, केळं, राजगिऱ्याच्या लाह्या साय काढलेल्या दुधात, वऱ्याचे तांदूळ ताकाबरोबर, खिचडीत कूट निम्मा आणि बटाटा जास्त, थोडं थोडं तीन-चारदा. वहिनींनी आजपासून करून बघते म्हटलंय. त्यांची जुनी गुडघेदुखीची गोळी त्या उपवासात रिकाम्या पोटी घेत होत्या, हे वहीत सापडलं. तेवढं तातडीने डॉक्टरांकडे पाठवलं.

१० ऑक्टोबर

डॉक्टरांनी आज चौकट लिहून दिली. पत्रकात ती पहिल्याच पानावर, जाड अक्षरांत जाईल, मिसळ-मटणाच्या आधी.

छातीत दुखतंय, दाब येतोय, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, घाम फुटलाय, दम लागतोय: हे पित्त समजून घरी बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. मधुमेही माणसांत आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसती मळमळ, पोटाच्या वरच्या भागात कळ, अपचन अशा रूपात येतो. डॉक्टर बोलताना थांबले होते. सोडा पिऊन ढेकराची वाट बघत बसलेल्या माणसांचे किती तास वाया जातात ते त्यांनी पाहिलंय.

दुसरी चौकट: गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळी होते, तेही सांगा), रक्त कमी होणं, किंवा पंचावन्न-साठीत पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. यात वही भरत बसू नका, थेट या.

गोळ्यांबद्दलही चार शब्द. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गटातल्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. बहुतेक लोक त्या जेवण झाल्यावर, जळायला लागल्यावर घेतात आणि मग 'गोळी लागू पडत नाही' म्हणतात. आणि दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने घ्यायच्या नाहीत.

१७ ऑक्टोबर

काल कोजागरी झाली. आज सकाळी आलेल्या वह्यांमध्ये जणू एकच पान सगळीकडे: रात्री बारा वाजता आटवलेलं म्हशीचं दूध, बदाम, पिस्ते, चारोळी, जायफळ, त्याआधी भेळ. साडेबाराला झोप. दूध आटवलं की पाणी जातं, स्निग्धांश राहतो. वर्षातून एकदाची रात्र आहे. लहान कप घ्या आणि गच्चीवर गप्पा वाढवा, एवढंच पत्रकात लिहिलं.

२२ ऑक्टोबर

झोपेचं पान. हे आहारात बसत नाही, पण याशिवाय पत्रक अपुरं राहिलं असतं.

डाव्या कुशीवर झोपावं. त्या कुशीवर जठराचा मोठा भाग खाली राहतो आणि कडी आम्लाच्या वर. पलंगाचे डोक्याकडचे दोन पाय विटांवर चढवून १५ ते २० सेंटीमीटर उंच करावेत. नुसत्या उशा वाढवल्या तर पोटातच घडी पडते आणि दाब वाढतो. एका काकूंनी विचारलं, "खाली गादी घालून झोपणाऱ्यानं काय करायचं?" प्रश्न रास्त आहे, आपल्या निम्म्या पेशंटकडे पलंग नाही. त्यांच्यासाठी लिहिलं: गादीखाली कंबरेपासून डोक्याकडे चढत जाईल अशी जाड घडीची चादर-वाकळ, म्हणजे पाठीचा सगळा भाग चढता राहील, मान एकटी वर होणार नाही.

पोटाला आवळणारा पट्टा, घट्ट नाडा, जेवून लगेच वाकून भांडी घासणं किंवा फरशी पुसणं यांनीही आम्ल वर ढकललं जातं. हे वहीच्या 'नंतर काय केलं' या रकान्यातूनच पुढे आलं. पोटावर वजन वाढलेल्यांनी थोडं जरी कमी केलं तरी त्रास उतरतो.

५ नोव्हेंबर

दिवाळीचं वेगळं पान करणार नाही. चकली, शेव, चिरोटे, करंजी, सगळ्याचं उत्तर मटणाच्या पानावर आहे. जुन्या तेलात पुन्हा तळू नये एवढी एक ओळ वाढवली.

रिक्षावाले काकांची दुसरी वही आली. रात्रीचे आंबट पाणी येण्याचे प्रसंग विरळ झालेत. दोन वेळा आले, दोन्ही वेळा लग्नाच्या जेवणानंतर. त्यांनी स्वतःच समासात लिहिलंय: "गुलाबजाम व मठ्ठा व उशीर." चहाच्या रेघाही कमी झाल्यात. ठेचा रोज आहे.

मंगळवार पेठेतल्या मावशींच्या वहीत वेगळंच निघालं. त्यांना ना मटणाचा त्रास ना चहाचा. टोमॅटोची चटणी किंवा चिंचेचा कोळ असलेली आमटी झाली की तासाभरात जळतं. आंबट पदार्थ दाहलेल्या जागी थेट झोंबतात. त्यांना आमटी चालू ठेवून चिंच काढायला सांगितली, चवीला थोडा गूळ आणि जिरं. आमसुलाचा प्रयोग त्या पुढच्या आठवड्यात करणार आहेत, वेगळा, एकटा.

११ नोव्हेंबर

मजकूर पक्का झाला. अक्षर मोठं ठेवायला सांगितलं, चष्मा विसरून येणारे बरेच असतात. चित्रं चारच: आळणीवरची साय उचलणारा चमचा, वेगळ्या वाटीतला कट, डाव्या कुशीवर झोपलेला माणूस, आणि वहीचं एक भरलेलं पान. भरलेलं पान काकांचं आहे, नाव झाकून.

प्रेसला उद्या द्यायचं. उन्हाळ्यातल्या वस्तू या छपाईत नाहीत: उसाचा रस, पन्हं, आमरस, वर्षाची चटणी. त्यांच्या वह्या चैत्रात भरून घ्यायच्या. गरोदर बायकांसाठी स्वतंत्र पान हवं. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांनी सैलावलेली कडी यामुळे त्यांना जवळजवळ काहीही खाल्लं तरी जळतं, आणि 'बाळाला केस जास्त आहेत' म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. त्यासाठी सोमवारी प्रसूतीतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली आहे.